पिग्मीमामा आणि कॉइन : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि रकमा थोड्या फिरवल्या आहेत. मी बेळगावात कर सल्लागार आहे. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते एका साध्या प्रश्नाने: क्रिप्टोत बुडालेले पैसे रिटर्नमध्ये तोटा म्हणून दाखवता येतात का? उत्तर एका शब्दाचं होतं, नाही. पण त्यासाठी जे कागद चाळले, त्यावरून मला पटलं की क्रिप्टोची झूल पांघरलेलं हे जुन्या पद्धतीचं, ठेवी गोळा करण्याचं प्रकरण आहे. हे ओळखायला सगळ्यांनाच उशीर झाला, आणि त्या उशिरात बरंच काही हातचं गेलं.

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातलं एक मोठं गाव. भात, काजू, थोडा ऊस. घरटी एखादा माणूस गोव्यात हॉटेलात नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. गावात एका सौहार्द सहकारी संस्थेची पिग्मी गोळा करणारे पन्नाशीतले एक गृहस्थ आहेत. लहानथोर सगळे त्यांना पिग्मीमामा म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायचं तर पिग्मी म्हणजे रोजच्या रोज दुकानात, दारात येऊन नेली जाणारी बचत. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीकडे ती सुरू केली, पुढे कर्नाटकभरच्या सहकारी संस्थांनी उचलली. आमच्याकडे ती भिशीइतकीच घरातली झाली आहे.

मामा वीसेक वर्षं संध्याकाळी मशीन घेऊन फिरत होते. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाची म्हैस विकली गेली, कुणाकडे आत्ता पैसा आहे, हे त्यांना न विचारता कळायचं. पैशाच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द चालत होता. या प्रकरणात सगळ्यात आधी विकला गेला तो हा शब्द.

२०२४ च्या दिवाळीआधी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला एक लांबचा पाहुणा त्यांना बेळगावातल्या एका मंगल कार्यालयात मीटिंगला घेऊन गेला. या पाहुण्याला पुढे सगळे 'लीडर' म्हणू लागले, म्हणून इथेही तेच म्हणतो. प्लॅन असा: कंपनीचं स्वतःचं कॉइन. शंभर डॉलरपासून पुढे आयडी, म्हणजे अॅपमधलं खातं, लावायची. रोज अर्धा टक्का, चारशे दिवस. म्हणजे दुप्पट. खाली माणूस जोडला की त्याच्या रकमेवर दहा टक्के, त्याच्याही खाली लागले की लेव्हल इन्कम.

लीडरचा युक्तिवाद तीन पायांवर उभा होता. एक, बिटकॉइनचा भाव बघा. (डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन पहिल्यांदा एक लाख डॉलरच्या वर गेलं, त्यामुळे हा पाय ऐन वेळी आणखी मजबूत झाला.) दोन, सरकार क्रिप्टोवर ३० टक्के कर घेतं, म्हणजे सरकारला मान्य आहे. तीन, सगळं ब्लॉकचेनवर आहे, त्यात कुणाला खाडाखोड करता येत नाही. तिन्ही वाक्यांत तथ्य आहे, आणि एकाचाही त्या कंपनीच्या कॉइनशी काही संबंध नव्हता.

मामांनी आधी स्वतःचे पन्नास हजार लावले. महिन्याभरात साडेसात हजार खात्यावर आले. मग शेजारचा किराणावाला, मग दूध डेअरीचा सेक्रेटरी, मग बचत गटातल्या बायका. "मामा, तुम्ही लावलाय न्हवं? मग आमचं बी लावा की," असं म्हणून लोक स्वतः पैसे आणून देऊ लागले. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ४१ माणसं झाली आणि ३८ लाख ४० हजार रुपये. काहींनी पिग्मीची ठेव मुदतीआधी मोडली, आठ बायकांनी दागिने गहाण ठेवले. मामांनी प्रत्येक नोंद रोजच्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहिली: तारीख, नाव, रुपये, आयडी नंबर, पैसे लीडरला कुठे दिले. वीस वर्षांची सवय.

अडचण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विड्रॉल बंद झाले. अॅपवर सूचना आली की कंपनी नव्या कॉइनवर जात आहे. जुनं कॉइन नव्यात बदलून घ्यायचं तर दहा टक्के 'केवायसी फी' भरा. शिलकीतून कापून चालणार नाही, नवे पैसे हवेत. पाडव्यापर्यंत जुन्या कॉइनचा भाव पैशाच्याही खाली गेला होता. अॅपमध्ये कॉइनचा आकडा मात्र जसाच्या तसा, रोज थोडा वाढतसुद्धा होता.

अकरा जणांनी ती फी भरली. मिळून दोन लाख दहा हजार, यूपीआयने, परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या चालू खात्यावर.

चुकवलेल्या हप्त्यांच्या जागी आपलंच दुसरं टोकन हातात ठेवण्याची ही रीत नवी नाही. महिना दहा टक्के, अठरा महिने, असं सांगत पुण्याकडून देशभर पसरलेल्या गेनबिटकॉइन योजनेनेही लोकांना शेवटी बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचं टोकन दिलं होतं. तो तपास २०१८ पासून चालू आहे आणि आता सीबीआयकडे आहे. मामांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लीडर "पंधरा दिवस थांबा" म्हणाला, ते थांबले. मग आणखी पंधरा.

कोंडी फुटली ती वेगळ्याच कारणाने. एप्रिलच्या शेवटी मामांच्या बचत खात्यावर बँकेने चाळीस हजारांचं लिएन लावलं, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवली. त्यांना विड्रॉल म्हणून आलेली एक रक्कम परराज्यातल्या फसवणुकीच्या तक्रारीतली निघाली होती. इतके दिवस 'कंपनीचा पेआउट' म्हणून जे पैसे येत होते ते दर वेळी नव्या माणसाच्या खात्यातून येत होते. कधी कुणाच्या पगार खात्यातून, कधी कुणा दुकानदाराच्या. कुणीतरी लुबाडलेला पैसा हातोहात पुढे सरकवत होता आणि त्या साखळीतला एक हात मामांचा होता. घरात पहिल्यांदा भीती शिरली ती इथे.

पैसा नेमका गेला कुठे

मामांचा भाचा बेंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सुट्टीला आला होता, त्याने तीन संध्याकाळी बसून जे काढलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून इथे थोडं थांबतो.

ब्लॉकचेन म्हणजे एकच खातेवही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवणं. नोंदींचा एक गट झाला की त्याचा गणिती ठसा पुढच्या गटात जातो. त्यामुळे मागची नोंद बदलली तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. बिटकॉइनची वही ३ जानेवारी २००९ पासून अशी चालू आहे. पण ही वही सांगते ती एवढंच की या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतकं गेलं. पत्ता कुणाचा आहे, देणाऱ्याने कशाच्या भरवशावर दिलं, त्या टोकनला काही किंमत आहे का, यातलं तिला काही कळत नाही. खोटी गोष्ट तिच्यात लिहिली तर ती खोटी गोष्ट कायमची राहते, इतकंच.

कंपनीचं कॉइन बीएनबी चेन नावाच्या ब्लॉकचेनवर होतं. असं टोकन काढायला काही मिनिटं आणि किरकोळ शुल्क पुरतं. भाच्याने बीएससीस्कॅनवर, म्हणजे ती वही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, त्याचा करार (टोकनचे नियम ठरवणारा प्रोग्राम) उघडला. नव्वद टक्क्यांहून जास्त कॉइन तीन पत्त्यांवर. करारात मालकाला दोन अधिकार राखलेले: हवं तेव्हा नवी कॉइन पाडणं आणि कुठल्याही पत्त्याची विक्री रोखणं. म्हणजे भाव वर असतानाही सामान्य धारकाला विकता आलंच असतं असं नाही.

त्याहून मोठी गोष्ट ही की गावातल्या ४१ आयडींचा ब्लॉकचेनवर मागमूसच नव्हता. कुणालाही स्वतःचं वॉलेट नव्हतं, त्याची किल्ली असलेले बारा गुप्त शब्द कुणाला मिळालेच नव्हते. अॅपमधली शिल्लक म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची एक ओळ. पिग्मीच्या मशीनमधून पावती छापून यावी आणि संस्थेच्या लेजरला ती रक्कम जमाच नसावी, तसं. मामांना हे एका वाक्यात समजलं, बाकी तासभराचं स्पष्टीकरण वाया गेलं.

मग रुपये कुठे गेले? सुरुवातीच्या काही आयड्या लीडरने यूएसडीटी पाठवून लावल्या होत्या. हे डॉलरशी बांधलेलं टोकन. गावात त्याला सरळ 'डॉलर'च म्हणत. बँकेत डॉलर ८४-८५ रुपयांना असताना लीडर तो ९५ ने लावायचा. मामांच्या पन्नास हजारांचे सव्वापाचशे डॉलर ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या वहीत आजही स्वच्छ दिसतात: या पत्त्यावरून कंपनीच्या पत्त्यावर, तिथून एका मोठ्या गोळा-पत्त्यावर, तिथून एका परदेशी एक्स्चेंजकडे, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराकडे. अशा नोंदी सापडल्या त्या सगळ्या मिळून साडेपाच लाखांच्या आसपास.

उरलेले सुमारे ३३ लाख ब्लॉकचेनवर कधी चढलेच नाहीत. लीडरच्या स्वतःच्या आयडीत कमिशनची शिल्लक साठत होती. नवा माणूस रोख घेऊन आला की तो आपल्या शिलकीतून त्याच्या आयडीत आकडा सरकवायचा आणि रोख खिशात टाकायचा. अॅपमध्ये याला 'आयडी टू आयडी' म्हणतात. पैसे दुबईला गेले, असं सगळं गाव समजत होतं. त्यातला मोठा भाग बेळगावात आणि शिनोळीच्या रस्त्यावर हातात दिला गेला होता आणि तिथून फार लांब गेला असण्याचं काही कारण नव्हतं.

कायदा कुठे उभा आहे

भारतात क्रिप्टोवर बंदी नाही आणि ते चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर, १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर एक टक्का टीडीएस. ७ मार्च २०२३ पासून अशी सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणलं आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी सक्तीची झाली. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. त्यांतल्या बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला.

हे सगळं सरकारच्या काळजीचे विषय सांभाळतं: कर आणि काळा पैसा. ग्राहकाचे पैसे बुडाले तर काय, याचा स्वतंत्र कायदा नाही. शेअरसाठी सेबी आहे, बँक ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तसं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन तेवीस कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली आणि हिशेब स्वच्छ असलेल्या ग्राहकांचेही पैसे दीर्घकाळ अडकले. लीडरच्या 'कर घेतात म्हणजे मान्य आहे' या वाक्याला अर्थमंत्र्यांनी २०२२ मध्येच संसदेत उत्तर दिलं होतं: कर लावणं म्हणजे मान्यता देणं नव्हे.

माझ्या कामाचा भाग एवढाच होता. मामांना आलेलं दोन लाख साठ हजारांचं कमिशन हे उत्पन्न, ते दाखवावंच लागतं. बुडालेली रक्कम कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ते टोकन विकलंच गेलं नाही म्हटल्यावर कर कायद्याच्या भाषेत तो तोटासुद्धा नाही. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत भरली. एवढी रक्कम 'कॉइन विकून' आली म्हणतात, आणि २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, एक टक्का टीडीएसची एकही ओळ नाही. भारतात नोंदलेल्या एक्स्चेंजवर विक्री झाली असती तर ती तिथे दिसली असती. हा तपास कुणालाही घरबसल्या पाच मिनिटांत करता येतो.

क्रिप्टोचा कायदा तोकडा असला तरी एक जुना दरवाजा उघडा होता. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९, ज्याला सगळे बड्स म्हणतात. परत देण्याचं वचन देऊन कोणत्याही स्वरूपात पैसे घेणं म्हणजे ठेव, परतफेड रोखीत असो वा वस्तूत. तो केंद्राचा असल्यामुळे सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच चालतो. त्याच्या जोडीला कर्नाटकाचा २००४ चा ठेवीदार हितरक्षण कायदा आहे, महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी आहे. मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची सोय या कायद्यांत आहे. काटा एकच. बड्समध्ये अशा योजनेसाठी ठेवी मागणं हाही गुन्हा आहे, एक ते पाच वर्षांचा. आणि गावात ठेवी मागितल्या होत्या मामांनी.

समोरचे पर्याय

पहिला, गप्प बसणं. लीडर अजून फोन उचलत होता आणि बऱ्याच जणांना वाटत होतं की तक्रार केली तर मिळणारं तेही बुडेल.

दुसरा, आपसात मिटवणं. लीडरने निरोप धाडला की पंचांसमोर बारा लाखांचे पुढच्या तारखांचे चेक देतो, पोलिसांत जाऊ नका. देवळाच्या मंडपात बैठक झाली आणि ती रात्री उशिरापर्यंत चालली. नात्यातला माणूस, दोन्हीकडे सोयरिकी, त्यामुळे हा पर्याय जितका कच्चा दिसतो तितका लोकांना वाटत नव्हता.

तिसरा टेलिग्रामवर चालून आला: ब्लॉकचेनवरून पैसे उलटे फिरवून देतो, वीस टक्के आगाऊ. अशी नोंद उलटी फिरवता येत नाही, हेच तर या तंत्राचं वैशिष्ट्य. भाच्याने त्या दिवशी गावाच्या ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की याला एक रुपया देऊ नका. तरी एकाने पाच हजार दिलेच.

चौथा, पोलीस. इथे तीन प्रश्न एकात एक अडकले होते: कुणी जायचं, कुठे जायचं आणि काय लिहून द्यायचं.

काय केलं

कुणी जायचं, यावर घरात भांडण झालं. मामी म्हणाल्या, "ती डायरी चुलीत घाला आन् गप बसा. तुमचं तुम्हीच नाव लिवून देताय." वकिलांचं म्हणणं उलट होतं: एक्केचाळीस जणांपैकी कुणीतरी उद्या जाणारच, तेव्हा पहिलं नाव मामांचं असेल आणि डायरी नसेल तर लीडरचं नावच येणार नाही. मामांनी डायरी वकिलांकडे दिली. मला वाटतं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. तो चांगुलपणातून आला की हिशेबातून, हे मी आजही सांगू शकणार नाही. त्यांनाही बहुधा सांगता येणार नाही.

त्याच दिवशी केवायसी फी भरलेल्यांना सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावलं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदी केल्या. नऊ जणांचे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. दोघांनी मात्र नुकतेच तीन दिवसांपूर्वी भरले होते, त्यांचे मिळून अठरा हजार मधल्या एका खात्यात अडवले गेले. रोख दिलेल्या ३३ लाखांना १९३० चा काहीच उपयोग नव्हता.

तक्रारीचा पहिला मसुदा भाच्याचा. तीन पानं स्मार्ट करार, टोकन, लिक्विडिटी. वकिलांनी तो वाचून बाजूला ठेवला. असा कागद नेला की पहिला प्रश्न येतो, कंपनी कुठली? परदेशातली? मग अॅप, सर्व्हर, परदेश यांत तक्रार अडकते. दुसरा मसुदा असा सुरू झाला: अमुक इसमाने अमुक तारखेला बेळगावात अमुक ठिकाणी रोख इतके रुपये घेतले, चारशे दिवसांत दुप्पट देण्याचं सांगितलं, दिले नाहीत. डायरीतल्या नोंदींप्रमाणे एक्केचाळीस ओळी. ब्लॉकचेन परिशिष्टात गेली: पत्ते, व्यवहार क्रमांक, वेळा. फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, बड्स, राज्याचा ठेवीदार कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, अशी मागणी केली.

कुठे जायचं? लीडर चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेऊन ती पुढे पाठवता येते, झीरो एफआयआर म्हणतात ती. पण पुढे पाठवलेल्या कागदाचा पाठपुरावा सीमा ओलांडून कोण करणार? पैसे जिथे हवाली झाले तिथेही गुन्हा चालतो, आणि बहुतेकांनी पैसे बेळगावात दिले होते, मीटिंगाही बेळगावातच. म्हणून बेळगावचं सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांचं ठाणं धरलं. ४१ पैकी सहा जण चंदगड तालुक्यातले पाहुणे होते. त्यांनी पलीकडे वेगळी तक्रार दिली.

कागद कन्नडमध्ये. मामांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सीमाभागात त्यांच्या पिढीत असे पुष्कळ. वकिलांनी मराठी निवेदनं आणि त्यांची कन्नड भाषांतरं जोडून दिली, आणि सही करण्याआधी जबाब एका कन्नड शाळेतल्या गुरुजींकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यात दोन तारखा आणि एक रक्कम दुरुस्त झाली. व्हॉट्सअॅप ग्रुपचा मजकूर भाच्याने आधीच उतरवून ठेवला होता. दोन दिवसांनी अॅडमिनने ग्रुपच मोडला. या नोंदींना साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र जोडलं, नाहीतर न्यायालयात नुसत्या स्क्रीनशॉटला किंमत नाही.

निष्पत्ती

गुन्हा नोंदला गेला. लीडरला अटक झाली आणि जामीन मिळाला. त्याची दोन बँक खाती गोठवली, त्यांत चार लाखांच्या आसपास शिल्लक निघाली. एक गाडी आणि एका प्लॉटच्या जप्तीचा प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे गेला आहे. अडवलेले अठरा हजार न्यायालयाच्या आदेशाने दोघांना परत मिळाले. परदेशी एक्स्चेंजकडे गेलेल्या साडेपाच लाखांसाठी पत्र गेलंय. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी पोलिसांच्या मागणीवरून पत्ता गोठवू शकते, पण गोळा-पत्ता तोवर रिकामा झाला होता.

बैठकीनंतर पाच जणांनी चेक घेऊन तक्रारीतून अंग काढलं होतं. दोघांचे वटले, तिघांचे परत आले. ते तिघे आता पुन्हा तक्रारीत येऊ पाहत आहेत.

मामा आरोपी क्रमांक तीन आहेत, अटकपूर्व जामिनावर. संस्थेने एजन्सी काढून घेतली. संस्थेचा या योजनेशी काही संबंध नसताना तिच्याकडून आठवडाभर ठेवी काढून घ्यायला लोक येत होते, तेव्हा तिला दुसरा मार्ग नव्हता. रिटर्नमध्ये कमिशन दाखवलं. वकिलांना ते कबुलीसारखं वाटत होतं, पण खात्यात दिसणारी रक्कम लपवून बाजू भक्कम होत नाही, असं माझं मत मी लेखी दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चमध्ये विड्रॉल थांबले त्याच आठवड्यात १९३० आणि पोलीस, दोन्ही व्हायला हवं होतं. तसं झालं असतं तर केवायसी फीचे दोन लाख मुळात भरलेच गेले नसते, आणि लीडरच्या खात्यांत चार लाखांहून बरंच जास्त सापडलं असतं. पैसे परत मागताना आणखी पैसे भरा म्हणणारा प्रत्येक जण फसवणारा, एवढी एक खूण गावाला माहीत असती तरी पुरलं असतं.

सुरुवातीला तर याहून सोपं होतं. लीडरने मीटिंगमध्ये परदेशातल्या कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं होतं, जे काही हजार रुपयांत कुणालाही मिळतं. त्याला विचारायचे प्रश्न होते: एफआययूकडे नोंदणी आहे का? ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी कुठाय? रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रारही करता येते आणि कुणाला ठेवी घ्यायची मुभा आहे हेही पाहता येतं. खरं सांगायचं तर मामांना हे प्रश्न सुचले असते असं मला वाटत नाही. पण ज्या संस्थेची मशीन त्यांच्या हातात होती तिला आपल्या एजंटांना हे शिकवता आलं असतं. मशीन घेऊन फिरणाऱ्या माणसाने दुसऱ्या कशासाठी पैसे गोळा करू नयेत, असा लेखी नियमही त्या संस्थेत नव्हता. आता आहे.

सहा जणांना पलीकडे वेगळं जाऊ द्यायला नको होतं. हद्दीचा मुद्दा बेळगावात अडत नव्हता. त्यांचे पैसेही त्याच डायरीतून, त्याच माणसाकडे गेले होते. आता एकाच मालमत्तेवर दोन राज्यांतले दोन तपास हक्क सांगत आहेत, आणि मूळ डायरी इथे जप्त असल्याने पलीकडचा तपास प्रमाणित प्रतीच्या अर्जावर थांबला आहे.

एका बाबतीत माझं आणि वकिलांचं अजून जुळलेलं नाही. मामांनी कमिशनचे दोन लाख साठ हजार घरातून उभे करून दागिने गहाण ठेवलेल्या आठ बायकांना पावत्या घेऊन वाटले. वकिलांच्या मते ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून न्यायालयाला सांगायला हवी होती, कारण सगळ्या ठेवीदारांचा तिच्यावर सारखा हक्क होता आणि आठच जणींना दिल्याने बाकीचे तेहेतीस उद्या हरकत घेऊ शकतात. कायद्याने ते बरोबर असावेत. पण सावकाराचं व्याज न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही, आणि त्या आठही जणींचे दागिने घरी आले. पावत्या जपून ठेवा, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. पुढे वाटप प्रमाणात झालं तर त्या आठ दाव्यांतून तेवढी रक्कम वजा होईल.